पाइपमधला खोटा प्रतिध्वनी आणि दडून बसलेले १५००

तक्रार बहुतेक वेळा दोनपैकी एका रूपात येते. एक: पाण्याने भरलेल्या पाइपमधल्या ध्वनितरंगाचं संगणकावरचं मॉडेल सुरळीत चालतं, सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) कुरकुरत नाही, पण तरंग प्रत्यक्ष मोजमापापेक्षा लवकर पोचतो. दोन: मुख्य तरंग निघून गेल्यावर मागाहून एक छोटा प्रतिध्वनी येतो, आणि तो जिथून यावा असं त्या पाइपमध्ये काहीच नसतं. मग मेश (मॉडेलची छोट्या घटकांत केलेली जाळी) बारीक होतो, टाइमस्टेप (गणनेतली काळाची एक पायरी) निम्मा होतो, मशीन रात्रभर चालते. सकाळी प्रतिध्वनी जागच्या जागी.

दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच असतं. पाण्यातला ध्वनीचा वेग सेकंदाला १५०० मीटर, हा शाळेपासून पाठ असलेला आकडा मॉडेलमध्ये नको त्या जागी बसलेला असतो. तो खरा आहे, पण मोकळ्या पाण्यासाठी. पाइपमध्ये दाब वाढला की भिंत फुगते, त्या फुगण्यामुळे पाण्याचा ताठरपणा कमी झाल्यासारखा होतो आणि तरंग मंदावतो. म्हणून आधी आपल्या पाइपसाठी खरा वेग काढायचा, आणि मग मॉडेलमध्ये १५०० कुठे कुठे लिहिलाय ते शोधत जायचं.

खरा वेग किती

१८७८ साली डच गणिती कोर्टेवेग यांनी दिलेलं सूत्र आजही पहिल्या अंदाजाला पुरतं. पाण्याचा बल्क मॉड्युलस (दाबल्यावरचा ताठरपणा) गुणिले पाइपचा आतला व्यास; याला भिंतीच्या यंग मॉड्युलस (ताणल्यावरचा ताठरपणा) गुणिले जाडीने भागा. आलेल्या आकड्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा, आणि मोकळ्या पाण्यातल्या वेगाला त्याने भागा. कागदावर दोन मिनिटांचं काम आहे. तरी ते टाळून थेट त्रिमितीय मॉडेल उभं करणारे फार.

बल्क मॉड्युलस २.२४ गिगापास्कल धरून तीन पाइप पाहू. १०० मि.मी.चा स्टील पाइप, बाहेरचा व्यास ११४.३, जाडी ६.०२ मि.मी., मॉड्युलस २०५ गिगापास्कल: वेग साधारण १३७७ मी./से. ३०० मि.मी.चा के-९ या जाडीच्या वर्गाचा डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट बिडाचा) पाइप, जाडी ७.२ मि.मी., मॉड्युलस १७०: साधारण ११९७. आणि ११० मि.मी. बाहेरच्या व्यासाचा, १० मि.मी. जाडीचा एचडीपीई (जास्त घनतेच्या पॉलिथिलीन प्लास्टिकचा) पाइप, मॉड्युलस १ गिगापास्कल: ३२६. पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पाइपमध्ये आवाज हवेपेक्षाही हळू जातो हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला पटत नाही. तो परत १५०० टाकून बसतो.

एचडीपीईच्या बाबतीत हा ३२६ सुद्धा फसवा आहे. कोर्टेवेगचं साधं रूप पातळ भिंतीसाठी आहे, आणि इथे भिंतीची जाडी व्यासाच्या अकराव्या हिश्शाइतकी. जाड भिंतीचं सूत्र वापरलं, पॉइसन गुणोत्तर (लांबीला ताणल्यावर पदार्थ आडवा किती आकसतो ते) ०.४५ घेतलं, की वेग २९६ वर येतो, म्हणजे जवळजवळ दहा टक्के कमी. डीआयमध्ये तोच फरक एक टक्क्याच्या आत राहतो, तिथे पातळ भिंतीचं सूत्र चालतं. उलट डीआयच्या आत सिमेंटचा थर असतो तो विसरू नका. ४ मि.मी. थर आणि २५ गिगापास्कल मॉड्युलस धरलं तर वेग वीसेक मीटरने वाढतो.

आता मॉड्युलस. एचडीपीईच्या माहितीपत्रकात कधी कधी दोन आकडे असतात: अल्पकालीन, आणि पन्नास वर्षांच्या भाराखालचा. दुसरा पहिल्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असतो, कारण प्लास्टिक सतत भाराखाली हळूहळू ताणत जातं. ध्वनितरंगाला मात्र मिलिसेकंदांत उत्तर देणारा ताठरपणा लागतो. चुकून पन्नास वर्षांचा आकडा गेला तर वेग १३० च्या घरात येतो आणि मॉडेल मोजमापाच्या कितीतरी मागे पडतं. शिवाय माहितीपत्रकातले आकडे बहुधा २० किंवा २३ अंशांचे असतात. गोव्यात उन्हात पडलेल्या उघड्या एचडीपीई पाइपची भिंत त्याहून खूप गरम असते, आणि गरम प्लास्टिक मऊ. पाण्याची गोष्ट मात्र उलटी: २० अंशांना १४८२, ३० अंशांना १५०९. म्हणजे तापमान वाढल्यावर पाणी वेग वाढवतं आणि प्लास्टिकची भिंत तो कमी करते. एचडीपीईमध्ये भिंतच जिंकते.

समुद्राचं पाणी वाहणारी लाइन असेल, उदाहरणार्थ बंदरातली अग्निशमनाची, तर २८ अंश आणि ३५ क्षारतेला मोकळा वेग १५४० च्या आसपास येतो आणि घनता १०२२ च्या. गोड्या पाण्याचे आकडे तिथे उचलून ठेवू नका.

मॉडेल कोणत्या जातीचं आहे ते आधी ठरवा

एकमितीय मॉडेलमध्ये, किंवा भिंत घट्ट धरलेल्या मॉडेलमध्ये, भिंतीचं फुगणं कुठेच नसतं. तिथे पाण्याचा वेग म्हणून थेट ११९७ किंवा २९६ द्यायचा. भिंत खरोखर घन पदार्थ म्हणून मॉडेल केलीय आणि ती पाण्याशी जोडलीय, तिथे पाण्याला १५०० च द्यायचा; मंदावण्याचं काम भिंत करते. या दोहोंची सरमिसळ झाली की आकडे बिघडतात, आणि ती दोन्ही बाजूंनी होते.

भिंत मॉडेलमध्ये आहे पण जोडणीच झालेली नाही, हा पहिला प्रकार. चित्रात पाइप दिसतो, मेश दिसतो, पण पाण्याच्या दृष्टीने भिंत दगडी. अँसिस, कॉमसोल आणि अबॅकस ही अशी मॉडेलं चालवणारी सॉफ्टवेअर. अँसिसमध्ये पाण्याच्या भिंतीलगतच्या घटकांचा पर्याय 'संरचना नाही' असा राहिला, किंवा संपर्कपृष्ठावर द्रव-संरचना जोडणीची खूण लावायची राहिली, तर हेच होतं. कॉमसोलमध्ये ध्वनी आणि घन दोन्ही भौतिकी जोडलेल्या असतात, पण बहुभौतिकीखालची ध्वनी-संरचना सीमा घालायची राहून जाते. अबॅकसमध्ये दोन पृष्ठभागांचा टाय चुकीच्या पृष्ठभागावर बसतो. तिन्हींत सॉल्व्हर एक शब्द बोलत नाही.

दुसरा प्रकार दुहेरी वजावटीचा. भिंत जोडलीय, आणि कोणीतरी काळजीपोटी पाण्यालाही आधीच कमी केलेला ११९७ दिलाय. भिंत तो पुन्हा कमी करते. ३०० च्या डीआयमध्ये निकाल १०२५ च्या आसपास येतो. तुमचा तरंग १०२५ ने जात असेल तर दुसरीकडे शोधत बसू नका.

दहा मीटरची चाचणी

पूर्ण जाळं, वाकणं, व्हॉल्व्ह बाजूला ठेवा. वर दिलेला १०० चा स्टील पाइप, लांबी १० मीटर, अक्षसममित द्विमितीय मॉडेल. एका टोकाला ५ आवर्तनांचा, हॅन खिडकीने (दोन्ही कडा हळूहळू शून्यावर नेणाऱ्या फलनाने) गुळगुळीत केलेला २ किलोहर्ट्झचा स्पंद सोडा आणि दुसऱ्या टोकाला मधल्या अक्षावर दाब वाचा. स्पंद जिथे सुरू झाला तिथला आणि जिथे पोचला तिथला आवरणाचा शिखरबिंदू यांतला वेळेचा फरक मोजा. पहिली हालचाल कधी दिसली यावर जाऊ नका.

उत्तर ७.२६ मिलिसेकंद आलं तर जोडणी चालू आहे. ६.६७ आलं तर भिंत दगडी आहे, जोडणीकडे परत जा. फरक फक्त ०.६ मिलिसेकंदाचा, म्हणून वाचन दर १० मायक्रोसेकंदांनी साठवा. आउटपुट दर अर्ध्या मिलिसेकंदाला लिहून ठेवणाऱ्याला हा फरक दिसणारच नाही. एचडीपीई घेतला तर चाचणी आणखी सोपी होते: स्पंद १०० हर्ट्झचा, पाइप ६० मीटरचा, आणि ४० मिलिसेकंद की २०० हे डोळे मिटूनही कळतं.

स्टीलमध्ये आणखी एक गोष्ट दिसेल. साधारण १.९६ मिलिसेकंदाला, मुख्य तरंगाच्या खूप आधी, दाबात एक बारीक लहर येते. ती चूक नाही. भिंतीतून अक्षाच्या दिशेने जाणारा ताणतरंग ५११० मी./से.ने धावतो, आणि भिंत लांबीला ताणली की पॉइसन परिणामाने व्यास किंचित बदलून पाण्यात दाब उमटतो. 'स्थिरता बिघडली' म्हणून कृत्रिम अवमंदन (डॅम्पिंग) वाढवून ही लहर मारून टाकलेली मॉडेलं पाहायला मिळतात. त्यात मुख्य तरंगही बोथट होतो. रबर रिंगच्या सांध्यांच्या डीआय वाहिनीत मात्र ही लहर दर सांध्याला तुटते, कारण भिंत सलग नसते. तिथे ती मैलभर जाताना दिसली तर तुम्ही सांधेच मॉडेल केलेले नाहीत.

प्रतिध्वनी कुठून येतो

प्रतिध्वनीचा पत्ता शोधायला एकच युक्ती पुरते. पाइप २ मीटरने लांब करा आणि तेच मॉडेल परत चालवा. स्टीलच्या पाइपमध्ये मधल्या, ५ मीटरवरच्या बिंदूला टोकाकडून आलेला प्रतिध्वनी आधी १०.८९ मिलिसेकंदाला होता, तो २.९ मिलिसेकंदांनी मागे सरकला तर दोष टोकाच्या सीमेत आहे. तो जागचा हलला नाही तर मधल्या कशातून तरी येतोय: सांधा, जाडीतला बदल, किंवा मेशच्या आकारातली अचानक उडी. मेश बदलल्यावर त्याची उंची बदलली तर मेश. तीन धावांत निकाल लागतो.

टोकाचा दोष निघाला तर तिथली प्रतिबाधा, म्हणजे दाब आणि कणवेग यांचं गुणोत्तर, पाहा. 'न परावर्तित करणारी सीमा' म्हणून दाब भागिले कणवेग = घनता गुणिले ध्वनिवेग अशी अट देतात, आणि त्या ध्वनिवेगात बहुतेक सॉफ्टवेअर पदार्थाचा, म्हणजे १५००, आपोआप भरतं. पण टोकाला येणारा तरंग ११९७ चा आहे. दोन प्रतिबाधांतल्या फरकाला बेरजेने भागा: स्टीलला ०.०४३, डीआयला ०.११, एचडीपीईला (३२६ धरून) ०.६४. म्हणजे डीआयमध्ये अकरा टक्के तरंग परततो आणि एचडीपीईमध्ये जवळजवळ दोन तृतीयांश. तुमच्या प्रतिध्वनीची उंची या आकड्यांच्या जवळ असेल तर निदान झालं. सीमेत वेग हाताने भरा. जोडलेल्या मॉडेलमध्येही, पाण्याला १५०० दिलेला असतानाही, सीमेला ११९७ च द्यायचा.

यानंतरही थोडं उरतं, कारण पाण्याचं टोक गप्प केलं तरी भिंतीचं टोक तसंच आहे. ते मोकळं सोडलं वा घट्ट बांधलं, ताणतरंग तिथून पूर्ण परततो आणि वाटेत पाण्याला पुन्हा टोचतो. भिंतीच्या टोकावर अक्षाच्या दिशेने शॉक-अॅब्सॉर्बरसारखा डॅशपॉट लावा, त्याचा गुणांक स्टीलची घनता गुणिले ५११०, दर चौरस मीटर भिंतीच्या छेदाला.

पीएमएल, म्हणजे टोकाचा शोषक थर, वापरायचा असेल तर तो पाणी आणि भिंत दोन्हींना एकाच लांबीत लावा. नुसत्या पाण्याला लावला की थराच्या सुरुवातीलाच नवा पायरीवजा बदल तयार होतो. थराची तरंगलांबीची सेटिंगही पाहा. तीही पदार्थाच्या १५०० वरून घेतलेली असते. वारंवारता जास्त असेल आणि भिंतीत काही मोड (कंपनाचे प्रकार) मागच्या दिशेने ऊर्जा नेणारे असतील तर पीएमएल शोषण्याऐवजी वाढवतो आणि आकडे फुगत जातात. अशा वेळी थराऐवजी पाइपच्या शेवटच्या भागात हळूहळू वाढत जाणारं अवमंदन द्या. सगळ्यात स्वस्त उपाय मात्र साधाच आहे: अक्षसममित मॉडेलमध्ये पाइप इतका लांब करा की प्रतिध्वनी तुमच्या पाहण्याच्या वेळेनंतर येईल. गणनेचा थोडा वेळ जातो, वाद मिटतो.

मेश आणि टाइमस्टेप, पण योग्य वेगाने

द्विघाती घटक असतील तर एका तरंगलांबीत ६, एकघाती असतील तर १० ते १२ बिंदू, हा नियम सर्वांना माहीत असतो. चूक तरंगलांबीत होते. एचडीपीईमध्ये २०० हर्ट्झला खरी तरंगलांबी दीड मीटरच्या आसपास. १५०० धरून ती साडेसात मीटर येते, आणि सहाने भागल्यावर घटक सव्वा मीटरचा. म्हणजे खऱ्या तरंगाला जेमतेम सव्वा घटक. तो तरंग पुढे जाण्याऐवजी पसरून विरघळतो, आणि मग 'प्लास्टिकमध्ये ऱ्हास जास्त असतोच' अशी समजूत घातली जाते.

धातूच्या पाइपमध्ये उलटी गंमत. पाण्याची तरंगलांबी १० किलोहर्ट्झला १५ सें.मी., पण ६ मि.मी. स्टीलच्या भिंतीत वाकण्याचा तरंग सपाट पत्र्याच्या हिशेबाने साडेसात सें.मी. लांबीचा, आणि पाण्याचा भार धरला तर त्याहून आखूड. मेश भिंतीच्या तरंगावर ठरवा. त्याच वारंवारतेला आणखी एक खोच आहे: १० सें.मी. व्यासात दगडी भिंत धरली तरी ८.८ किलोहर्ट्झच्या वर तरंगाचा पुढचा भाग सपाट राहत नाही, पहिला आडवा मोड सुरू होतो. अक्षसममित मॉडेलमध्ये तो दिसणारच नाही, कारण तो अक्षाभोवती सममित नाही. वारंवारता त्याच्यावर गेली तर पूर्ण त्रिमितीय मॉडेलला पर्याय नाही.

स्पंदाभोवती लहरी उठत असतील तर त्या पुढे आहेत की मागे ते पाहा. सुसंगत वस्तुमान आव्यूहाचा (कन्सिस्टंट मास मॅट्रिक्स) सान्त घटक मेश अपुरा असेल तर आखूड तरंग पळतात आणि लहरी पुढे दिसतात. एकवटलेलं वस्तुमान (लम्प्ड मास) किंवा मध्य-अंतराची सान्त फरक पद्धत असेल तर त्या मागे रेंगाळतात. पुढे दिसणारी एकच बारीक लहर असेल आणि ती ५११० चा वेग पाळत असेल तर ती वर सांगितलेली खरी लहर. तिला मेशचा दोष देऊ नका.

स्पष्ट (एक्सप्लिसिट) पद्धतीत टाइमस्टेप पाणी नव्हे, स्टील ठरवतं. ६ मि.मी. भिंतीत जाडीला दोन घटक म्हणजे ३ मि.मी.; स्टीलमध्ये दाबतरंग ५९०० ने जातो, म्हणून टाइमस्टेप अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या पुढे नेता येत नाही. २० मिलिसेकंदांना चाळीस हजार पायऱ्या. भिंतीसाठी शेल घटक वापरले तर ही अडचण बरीच सुटते, पण एचडीपीईसारख्या जाड भिंतीला शेल वापरू नका. अव्यक्त (इम्प्लिसिट) पद्धतीत सर्वोच्च वारंवारतेच्या एका आवर्तनाचे ६० भाग करा. २ किलोहर्ट्झला ८ मायक्रोसेकंद.

एकमितीय वैशिष्ट्य-रेषा पद्धतीत कूराँ संख्या (एका टाइमस्टेपमध्ये तरंग किती भाग ओलांडतो ते) अचूक १ ठेवली की संख्यात्मक पसरण शून्य. वाहिनीत दोन प्रकारचे पाइप असतील तर एकच टाइमस्टेप दोघांना बसवायचा. ५५ मीटर डीआय आणि पुढे १२ मीटर एचडीपीई घ्या. टाइमस्टेप १ मिलिसेकंद ठेवला तर डीआयचे ४५.९५ भाग येतात, एचडीपीईचे ४०.५. मधल्या बिंदूंत अंतर्वेशन करू नका, त्यात तरंगाचं टोक झिजतं. भाग ४६ आणि ४० करा आणि वेग किंचित हलवा: ११९६ आणि ३००. दीड टक्क्याच्या आतला हा बदल तुमच्या मॉड्युलसच्या अनिश्चिततेपेक्षा कितीतरी लहान आहे.

स्रोत

टोकाला दाब ठरवून दिला की ते टोक दाब-मुक्त आरसा होतं: परत येणारा तरंग उलटा होऊन पूर्ण परततो. कणवेग ठरवून दिला तर तो सुलटा होऊन परततो. दोन्हींऐवजी येणारा तरंग वेगळा देणारी पोर्ट-सीमा वापरा, किंवा स्पंद संपला की त्या टोकावर प्रतिबाधेची अट चालू करा. पायरीसारखा एकदम चढणारा दाब नको. तो सगळ्या वारंवारता एकदम हलवतो आणि मेशला न झेपणाऱ्या वारंवारता लहरी बनून राहतात. व्हॉल्व्ह बंद होण्याचा झटका हवाच असेल तर तो मोजलेल्या वेळेत चढू द्या.

वेग बरोबर, तरी मोजमाप कमीच

मग हवा पाहा. हजार लिटर पाण्यात एक लिटर हवा बारीक बुडबुड्यांत विखुरली, तर वातावरणाच्या दाबाला वेग ३१० ते ३६५ वर कोसळतो. यात भिंतीचा परिणाम अजून धरलेलाच नाही. तेच प्रमाण ३० मीटर हेडखाली (३० मीटर उंच पाण्याच्या दाबाखाली) मोजलेलं असेल तर ५८० ते ६७०. गोव्यात ओपाहून फोंडा-पणजीकडे किंवा साळावलीहून मडगाव-मुरगावकडे जाणारं पाणी चढउतारांवरून जातं. अशा वाहिनीत उंचवट्याला हवा साठते, आणि पाणी ठरावीक वेळेलाच सोडतात तिथे दर वेळी नव्याने शिरते. पुरवठा सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने मोजा आणि चार तासांनी मोजा. वेग वाढत गेला तर भिंतीच्या आकड्यांना हात लावू नका.

ऱ्हासासाठी धातूच्या पाइपमध्ये भिंतीलगतचा चिकट थर मेशमध्ये बसवायच्या भानगडीत पडू नका. १ किलोहर्ट्झला तो १६ मायक्रोमीटर असतो. त्याचा परिणाम समतुल्य तोट्याच्या पदाने द्या. १०० च्या स्टील पाइपमध्ये तो किलोमीटरला साडेसहा डेसिबलच्या आसपास येतो. एचडीपीईमध्ये पाणी नव्हे, भिंतच ऊर्जा खाते. तोटा गुणांक ०.०६ धरला तर १०० हर्ट्झला मीटरमागे अर्ध्या डेसिबलहून थोडं जास्त जातं, शंभर मीटरला पन्नासहून अधिक. म्हणून प्लास्टिकच्या लाइनवर गळतीचा आवाज १०० मीटरवरून ऐकू येईल असं मॉडेल सांगत असेल तर त्यात भिंतीचं अवमंदन शून्य आहे. कालक्षेत्रात तोटा गुणांक सरळ चालत नाही. प्रोनी श्रेणी (काळानुसार सैलावणारा ताठरपणा घातांकी पदांच्या बेरजेने मांडणारी) वापरा. ताठरपणाच्या प्रमाणातलं रेली अवमंदन स्पष्ट पद्धतीत टाइमस्टेप इतका खाली आणतं की धाव संपतच नाही.

पुरलेल्या पाइपला भोवतालची मातीही थोडी ऊर्जा चोरते. जांभ्याच्या चरात मे महिन्यातली कोरडी भर आणि जुलैतली चिंब भर वेगळी वागते, म्हणून एका ऋतूत जुळवलेला ऱ्हास दुसऱ्या ऋतूत तसाच वापरू नका. वेगावर याचा परिणाम धातूच्या पाइपमध्ये क्षुल्लक असतो, एचडीपीईमध्ये नाही.

जागेवरचा वेग परत मॉडेलमध्ये कसा घालायचा

दोन हायड्रंटांवर दाब-संवेदक बसवा, मधलं अंतर पाइपच्या लांबीने मोजा, रस्त्याच्या नकाशावरून नव्हे. ठोका दोघांच्या मध्ये नको, एकाच्या पलीकडे द्या. म्हणजे ठोक्याची वेळ माहीत असण्याची गरज राहत नाही. १२० मीटर अंतर आणि ०.१०१७ सेकंद फरक म्हणजे ११८०. इथे १ मिलिसेकंदाची चूक म्हणजे वेगात एक टक्का, म्हणून दोन्ही यंत्रांची घड्याळं ०.१ मिलिसेकंदात जुळलेली हवीत.

हे मोजमाप का टाळू नये ते गळतीच्या हिशेबात दिसतं. दोन संवेदकांत १०० मीटर, आवाजातला फरक ०.०५ सेकंद. १५०० धरला तर गळती जवळच्या संवेदकापासून १२.५ मीटरवर, ११९७ धरला तर २० मीटरवर. साडेसात मीटर चुकीच्या जागी जांभा फोडायला लावणारा माणूस ठेकेदाराला दुसऱ्यांदा तोंड दाखवू शकत नाही.

मोजलेला ११८० जोडलेल्या मॉडेलमध्ये पाण्याच्या वेगाच्या चौकटीत लिहू नका. तिथे १५०० च ठेवा आणि वेग ११८० येईपर्यंत भिंतीचा मॉड्युलस किंवा जाडी हलवा. जुन्या पाइपमध्ये गंजून कमी झालेली जाडी बहुधा अशीच सापडते. मात्र जाडी ७.२ वरून ५ मि.मी.च्या खाली न्यावी लागत असेल तर आधी हवा तपासा. एकमितीय मॉडेलमध्ये ११८० थेट द्या, आणि सीमेच्या प्रतिबाधेतही तोच बदला. हे दुसरं पाऊल विसरलं की प्रतिध्वनी परत येतो, या वेळी इतका लहान की तो खरा सांधा समजून कोणीतरी नकाशावर खूण करून ठेवतं.